चिंच आणि राख

आई सांगलीला गेल्यानंतर आमच्या घरात चमकणाऱ्या गोष्टी दोनच होत्या, पितळेची भांडी आणि अप्पांची मोटार. भांडी मी घासायची आणि मोटार अप्पा पुसायचे. यशवंतपूरच्या पलीकडे कारखान्याची क्वार्टर्स होती, सगळी एका साच्यातून काढलेली, पुढे दोन पायऱ्या, मागे मोरी, मोरीशेजारी विहीर चार घरांत मिळून एक. पहाटेचा भोंगा झाला की अप्पा चपला घालायचे, संध्याकाळचा भोंगा झाला की मी चुलीत लाकडं सारायची, आणि या दोन भोंग्यांच्या मधला वेळ माझा एकटीचा असायचा. शाळा असायची म्हणा, पण शाळेतल्या मुली आपसांत कन्नड बोलायच्या आणि माझ्याशी इंग्रजी, तेही मोजून मापून. घरी आल्यावर कुलूप उघडायचं, दप्तर टाकायचं, आणि घराशी मोठ्यांदा बोलायचं. ‘काय गं शेगडे, विझलीस?’ असं मी शेगडीला विचारत असे. आता सांगताना हसू येतं. तेव्हा कुणीतरी उत्तर दिलं असतं तर बरं वाटलं असतं.

आई गेली होती आजोबांच्या आजारपणासाठी. त्यांना अर्धांगाचा झटका आला, मामा लांब नोकरीला, तेव्हा आईनं जायचं ठरलं ते दोन महिन्यांसाठी. त्याचं दीड वर्ष झालं. आजोबा काठी टेकत अंगणात फिरायला लागल्याचं पत्रही येऊन गेलं होतं, तरी आई येत नव्हती. अप्पांचं आणि तिचं भांडण झालेलं मी कधी पाहिलं नाही. दोघंही भांडणारी नव्हती, आणि मला वाटतं तिथंच घोडं पेंड खात होतं. अप्पांना घरात बोलायची सवयच नव्हती. आणि आईला घराबाहेर बोलायची सोय नव्हती. सात वर्षं बेंगळूरात काढून तिला ‘स्वल्प’ आणि ‘बेडा’ एवढेच दोन शब्द नीट येत, म्हणजे थोडं द्या आणि नको. सांगलीहून कुंकवाच्या पुडीला गुंडाळून मराठी वर्तमानपत्राचा एक तुकडा आला होता, तो ती दुपारी भिंतीला टेकून पुन्हापुन्हा वाचत बसायची. त्या तुकड्यावर गुळाच्या भावाखेरीज काही नव्हतं. ती गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. माझी शाळा बुडू नये म्हणून मला ठेवून गेली, असं सगळे म्हणायचे. मीही तसंच म्हणायची.

मोटार आली ती आई गेल्यावर. कॅन्टोन्मेंटमधले एक अँग्लो-इंडियन गृहस्थ देश सोडून निघाले होते, त्यांची ही काळी, छोटी, गोल पाठीची गाडी अप्पांनी घेतली. क्वार्टर्समध्ये सायकली होत्या, एका साहेबाची फटफटी होती, मोटार आमचीच पहिली. लोक पाहायला यायचे, अप्पा दार उघडून दाखवायचे आणि पुन्हा लावून टाकायचे. आईला त्यांनी काही कळवलं नव्हतं. ‘आल्यावर बघेलच की,’ म्हणाले. रविवारी सकाळी गाडी कडुलिंबाखाली सावलीत घ्यायची, नळाला पाणी असायचं तेवढ्या तासाभरात बादल्या भरायच्या, वरून खाली पाणी सोडायचं, आणि मऊ पिवळ्या कातड्यानं एकाच दिशेनं टिपून घ्यायचं. घासायचं नाही, टिपायचं. कातडं पिळून देण्याचं काम माझं. आठवडाभर मुकाट असलेले अप्पा त्या तासात बोलायचे. आठवड्यात त्यांची दहा वाक्यं होत असतील तर त्यातली सात गाडीविषयी असत. ‘मंदा, रंग म्हणजे गाडीची कातडी. आपण अंगाला जे लावणार नाही ते तिलाही लावायचं नाही.’ मी हो म्हणायची. मला गाडीचं काही पडलं नव्हतं. मला तो तास हवा असायचा. एकदा गाडी पुसून झाल्यावर ते मला बनशंकरीच्या देवळापर्यंत घेऊन गेले होते, तेव्हा तिथं जाताना शेतं लागायची, आणि वाटेत त्यांनी मला चक्क एक गाणं गुणगुणून दाखवलं होतं.

मग आईचं पत्र आलं, रविवारच्या गाडीनं येते, आठ दिवस राहीन. अप्पांनी पत्र दोनदा वाचलं, खिशात ठेवलं आणि जेवताना तिसऱ्यांदा काढलं. आठ दिवस राहीन म्हणजे पुढे काय, हे त्यात लिहिलं नव्हतं. मला मात्र ते स्वच्छ कळलं होतं. आईला इथं आवडलं तर ती राहील, नाही आवडलं तर परत जाईल, आणि या वेळी गेली तर पुन्हा येणार नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आई गेल्यावर शेजारी राहायला आलेल्या गौराक्का कुणाशी तरी हलक्या आवाजात बोलताना मी येताच गप्प झाल्या, त्यावरून मी ताडलं होतं. अप्पांनी उलटटपाली लिहिलं, ‘यशवंतपूरला उतरू नकोस. सिटी स्टेशनला उतर. आम्ही येतो.’ मी विचारलं, अप्पा, यशवंतपूर तर आपल्याला जवळ. तर पाकिटाला डिंक लावतालावता ते म्हणाले, ‘यशवंतपूरहून निघालं की दहा मिनिटांत घर. बसली की उतरली. सिटीहून मल्लेश्वरमवरून येता येईल. तेवढीच बसेल गाडीत.’ आणि ते लाजले. माझे वडील लाजलेले मी आयुष्यात तेवढे एकदाच पाहिले.

शनिवारी माझी शाळा सकाळची आणि अप्पांना मात्र त्या दिवशी जादा काम होतं. दुपारी घरी येऊन पाहिलं तर गाडीवर लाल धूळ बसलेली. रस्त्यापलीकडे नव्या इमारतीसाठी पाया खणत होते, तिथली. उद्या पहाटे निघायचं, अप्पा धुणार कधी? आपणच धुऊन ठेवावी, भोंगा झाल्यावर अप्पांनी यावं आणि बघतच राहावं, असं माझ्या मनानं घेतलं. नळ केव्हाच गेला होता. मी विहिरीचं पाणी शेंदलं, अकरा बादल्या, आणि भर उन्हात गाडीवर ओतलं. गाडी ढकलून सावलीत नेण्याची ताकद माझ्यात नव्हती. कातडं अप्पांच्या कपाटात, कपाटाला कुलूप. म्हणून तशीच वाळू दिली. पायरीवर बसून मी तिच्याकडे कौतुकानं बघत होते, ओली होती तोवर ती नवऱ्यामुलीसारखी दिसत होती. वाळली तशी तिच्या अंगावर पांढरे ठिपके उमटायला लागले. आधी टपावर, मग दारांवर, बॉनेटवर तर रुपयाएवढी वर्तुळं, कडेला जाड, मध्ये पुसट. फडक्यानं पुसले, जाईनात. ओल्या फडक्यानं पुसले की नाहीसे व्हायचे आणि वाळले की हजर.

आता मी बनशंकरीतच राहते, लेकीकडे, आणि आमच्या इमारतीखाली नातू बोअरच्या पाण्यानं गाडी धुतो, त्याच्याही गाडीवर तस्सेच ठिपके पडतात. त्याच्याजवळ त्यासाठी फवारायची बाटली आहे. ‘आजी, पाण्यातले मिनरल्स असतात ते,’ असं तो मला समजावून सांगतो. मी आश्चर्य वाटल्यासारखं करते. मला ते दहा वर्षांची असतानाच माहीत होतं, कारण हेच पांढरं मी आमच्या तांब्याच्या बंबात आणि पाण्याच्या घागरीत रोज पाहत होते. विहिरीच्या पाण्याचा थर. आणि त्याला काय लावायचं हे कुठल्याही मराठी घरातल्या पोरीला सांगावं लागत नाही. मी चिंचेचा गोळा भिजवला, चुलीतली राख चाळून घेतली, काथ्याची शेंडी घेतली आणि पदर नव्हता म्हणून फ्रॉकच खोचून बॉनेटवर चढाई केली.

आणि ठिपके निघाले! हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जो काही गोंधळ झाला त्यात माझ्या या यशाची कुणी दखल घेतली नाही. चिंच लावली की ती पांढरी वर्तुळं विरघळून जात होती. मला इतका जोर चढला की मी हंडा घासतात तशी गोलगोल घासत सुटले, हात भरून आले तरी थांबले नाही. गौराक्का वाळवण काढायला बाहेर आल्या. त्या निपाणीकडच्या, बोलण्यात निम्मं कन्नड. ‘अय्यो, मंदा! काय करायलीस गं हे? मोटारीला कोण राख लावतंय गं?’ मी म्हटलं, ‘अक्का, डाग जातायत.’ त्या जवळ आल्या, बॉनेटवर लोटीभर पाणी ओतलं, आणि मी वाकून पाहिलं. ठिपके नव्हते. ठिपक्यांच्या जागी काळा रंगही नव्हता. तिथं करड्या, खरखरीत गोलांचं जाळं होतं, सबंध बॉनेटभर, जळक्या तव्यासारखं. ‘सरी, सरी, असू दे, रडू नको,’ अक्का म्हणाल्या, ‘अप्पा येऊ देत.’ अप्पा येण्याचीच तर भीती होती.

भोंगा झाला. मी लपले नाही, लपायला जागाच नव्हती. अप्पा फाटकातून आले, गाडीपाशी थांबले, बॉनेटवरून बोटं फिरवली, बोटं नाकाशी नेली. मग टपाकडे पाहिलं, तिथले ठिपके अजून तसेच होते. मार बसला असता तरी चाललं असतं असा तो वेळ होता. ते म्हणाले, ‘चिंच बरोबर होती. राख चुकली.’ एवढंच. कपाट उघडून त्यांनी एक बाटली काढली, मी इतके दिवस ते औषध समजत होते, ते व्हिनेगर निघालं. निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर, त्यात मऊ फडकं भिजवून ठिपक्यावर नुसतं ठेवायचं, साठ आकडे मोजायचे, उचलायचं, टिपायचं, आणि लगेच माठातल्या नळाच्या पाण्यानं पुसून घ्यायचं. मी आकडे मोजत होते. टप झाला, दारं झाली, अंधार पडला. ‘बॉनेटला आता पॉलिश करणारी पेस्ट लागेल. दिवसाउजेडी करावं लागेल,’ ते म्हणाले. मी विचारलं, ‘अप्पा, आई रागावेल का?’ त्यावर ते म्हणाले, ‘तिला आधी येऊ दे.’ रात्री आम्ही दोघांनी ताकभात खाल्ला. मी अंथरुणात पडून यशवंतपूरला मालगाड्यांचे डबे एकमेकांवर आपटतात तो आवाज ऐकत राहिले.

सकाळी अप्पांनी ठेवणीतला पांढरा सदरा घातला आणि मला रिबिनी बांधून दिल्या, एक उंच, एक खाली. त्या करड्या बॉनेटची गाडी घेऊन आम्ही सिटी स्टेशनवर गेलो. गाडी आली, हमाल धावले, माणसं उतरली, माणसं संपली. आम्ही इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत गेलो आणि परत आलो. बायकांच्या डब्यात एक म्हातारी पिशवी शोधत होती, बाकी कुणी नव्हतं. अप्पांनी स्टेशन मास्तरांना विचारलं, पण त्यांना काय माहीत असणार? परतीच्या वाटेवर अप्पा मल्लेश्वरमवरूनच आले. तिथं फुलांचा बाजार भरला होता, आमच्यापैकी कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्या मनात एकच होतं. आईला कसं कोण जाणे कळलं, बॉनेटचं, म्हणून ती आली नाही.

घराशी वळलो तर गौराक्कांच्या पायरीवर आई बसलेली होती, हातात कॉफीचा पेला, शेजारी ट्रंक. ‘अगं बाई,’ ती म्हणाली, ‘कुठे गेला होतात सकाळी सकाळी?’ अप्पा म्हणाले, ‘सिटीला. मी लिहिलं होतं.’ ‘मला वाटलं चुकून लिहिलंत. यशवंतपूर एवढं जवळ, तर सिटीला जाऊन उलट कशाला यायचं? टांगा केला आणि आले.’ तिचं काही चुकलं नव्हतं, कुठल्याही शहाण्या बाईनं तेच केलं असतं. त्या वेळी अप्पांनी नुसतं सांगायला हवं होतं की मला तुला गाडीत बसवून आणायचं होतं. ते म्हणाले, ‘बरं केलंस.’ इतकी वर्षं झाली तरी मला त्या दोघांना धरून गदागदा हलवावंसं वाटतं.

‘ही कुणाची?’ तिनं गाडीकडे बघून विचारलं. ‘आपली,’ अप्पा म्हणाले. ती उठून आली, गाडीभोवती फिरली, ‘छान आहे हो,’ म्हणाली, आणि बॉनेटपाशी थांबली. ‘आणि हे काय झालंय?’ अप्पा पटकन म्हणाले, ‘जुनीच आहे, तशीच मिळाली.’ मला ते सहन झालं नाही. ‘नाही, आई, मी केलं. ठिपके पडले होते. चिंच आणि राख लावली, आपण भांड्यांना लावतो तशी.’ मला वाटलं ती गाडीकडे पाहील. तिनं माझा हात धरला, उलटा केला, नखं पाहिली. राखेनं बोटांना भेगा पडल्या होत्या, नखांच्या कडा काळ्या. ‘भांडी तू घासतेस? रोज?’ मी हो म्हटलं, मोठ्या अभिमानानं. कामाची बाई होसकोट्याला आपल्या गावी गेली ती परतलीच नव्हती, आणि अप्पा दुसरी बघतो म्हणाले तेव्हा मीच नको म्हटलं होतं, हे सगळं मी भराभर सांगत होते. आई ऐकत नव्हती. गौराक्का दारात उभ्या होत्या. ‘पोर एकटीच असती हो दिवसभर,’ त्या चांगल्या मनानं म्हणाल्या, ‘आत भिंतीसंगट बोलत बसती, आमाला ऐकू येतं.’ ते कुणाला ऐकू येत असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. अप्पांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग आपल्या बोटांकडे.

दुपारची जेवणं झाली. आईनं पुरणपोळी नाही, पण गूळ घालून आमटी केली होती, सांगलीची, आणि मी चार वेळा भात घेतला. अप्पा पेस्टची डबी घेऊन बाहेर गेले. आईनं मला मोरीपाशी बसवलं, कोमट पाण्यात माझे हात घातले आणि खोबरेल तेल चोळता चोळता म्हणाली, ‘मंदे, माझ्याबरोबर सांगलीला येतेस? शाळा तिथंही आहे. मराठी शाळा. मुली आहेत खूप.’ म्हणजे ती राहायला आलेली नव्हतीच. किंवा आली असेलही, आणि माझे हात बघून तिनं ठरवलं असेल, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही, आणि तिला विचारायचं धाडस मी तिच्या शेवटच्या आजारातही केलं नाही. त्या वेळी मला एवढंच ऐकू आलं, मुली आहेत खूप. मी हो म्हणाले. विचार करायला पापणी लवण्याइतकाही वेळ घेतला नाही. अप्पांचं काय, हे माझ्या तोंडून तर निघालं नाहीच, मनातसुद्धा आलं नाही. याची मला लाज वाटते, आणि लहान होते हे कारण मी आता स्वतःला देत नाही.

मी तशीच तेलकट हातांनी बाहेर धावले. अप्पा बॉनेटवर वाकले होते. फडकं दोन बोटांना गुंडाळून, वीतभर जागा घेऊन, सरळ रेषेत पुढे मागे घासत होते. फडक्याला काळा रंग येत होता. ‘अप्पा, मी सांगलीला जाणार! आई नेणार आहे!’ त्यांचा हात थांबला नाही. ‘अरे वा,’ ते म्हणाले. मग म्हणाले, ‘शाळेचा दाखला काढावा लागेल. उद्या हेडमास्तरांना भेटतो.’ मी म्हटलं, ‘रंग निघतोय अप्पा.’ ‘एवढा निघणारच. गोल घासू नकोस, सरळ घास. दाबायचं नाही.’ त्यांनी मला फडक्याचा दुसरा तुकडा दिला. ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघं घासत होतो. करडं जाळं विरत विरत गेलं, एका कोपऱ्यात राहिलं ते राहिलंच. शेवटी त्यांनी मेणाचं पॉलिश लावलं, पुसलं, आणि बॉनेट आरशासारखं झालं. मी त्यात वाकून माझ्या रिबिनी सारख्या केल्या.

‘अप्पा, सांगलीला पोचायला किती स्टेशनं लागतात?’ मी विचारलं. मला वाटलं आत जाऊन टाइमटेबल बघावं लागेल. अप्पा फडक्याची घडी घालत होते. घडी घालता घालता त्यांनी सांगायला सुरुवात केली, तुमकूर, तिपटूर, अर्सिकेरे, कडूर, बिरूर, चिकजाजूर. दावणगेरे, तिथं उपमा चांगला मिळतो असं म्हणतात. हरिहर, राणेबेन्नूर, हावेरी, हुबळीला गाडी बराच वेळ थांबते, तिथं पाणी भरून घ्यायचं. धारवाड, अळणावर, लोंढा, तिथं थंडी वाजते, शाल वर ठेवायला आईला सांग. बेळगाव, घटप्रभा, मिरज. मिरजेला फलाट बदलायचा. एकही स्टेशन त्यांनी गाळलं नाही, एकदाही अडखळले नाहीत. दीड वर्षात ते एकदाही सांगलीला गेले नव्हते.